थोरले साडू बॅग घेतात

आमच्या थोरल्या साडूंना राग येत नसे. यायचं म्हणजे आधी कुठं तरी जावं लागतं, आणि साडूंचा राग त्यांना सोडून कुठं गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. तो सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा, त्यांच्याबरोबर अंघोळ करायचा आणि पहिल्या चहाला त्यांच्याआधी पाटावर बसलेला असायचा. कोल्हापुरात रागीट माणसांची टंचाई नाही. इथं पत्ता विचारला तरी लोक भांडल्यासारखा सांगतात. पण या गावातसुद्धा साडू महाद्वार रोडच्या डाव्या अंगानं चालायला लागले, की उजव्या अंगाला उगीचच गर्दी वाढायची. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. या माणसाबरोबर संसार करूनही तिचा आवाज कधी चढला नाही, याबद्दल तिला खरं तर शासनानं काही तरी द्यायला हवं होतं.

साडू गुरांचे सरकारी डॉक्टर. कागल, शिरोळ, पुन्हा कागल, मग पन्हाळ्याच्या पायथ्याची गावं, अशी तीस वर्षं त्यांनी म्हशींच्या मागं उभं राहून काढली. त्यांच्या रागाची एक गंमत होती. तो जनावरावर कधीही निघायचा नाही. लाथा झाडणाऱ्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणायचे, "असं करू ने बाय. मी हाय न्हवं?" आणि त्याच श्वासात मालकाकडं वळून, "आनि तू काय बघतुयास रं मुडद्या? शेपूट धर!" एकाच तोंडातून एकाच वेळी दोन माणसं बोलावीत तसं ते वाटायचं. म्हशीला त्यातला पहिला माणूस भेटायचा, उरलेल्या जगाला दुसरा.

मला दुसरा भेटला तो नव्वदीच्या सुरुवातीला, मुलगी बघायच्या कार्यक्रमात. माझा लग्नपत्रिकांचा छापखाना तेव्हा नुकताच चालायला लागला होता, आणि पत्रिकांचे नमुने न्यायला मी एक चकचकीत तपकिरी बॅग घेतली होती. नवरा मुलगा म्हणून छाप पडावी म्हणून ती मुद्दाम बरोबर नेली. सगळे माझ्याकडं बघत होते, साडू बॅगेकडं बघत होते. मुलगी पोहे घेऊन आली तरी त्यांची नजर हलली नाही. शेवटी त्यांनी बॅग उचलून मांडीवर घेतली, अंगठ्यानं दाबली, हुंगली, उलटी करून तिचं बूड पाहिलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "ह्यो पुठ्ठा हाय." माझे वडील पांढरे पडले. साडू पुढं म्हणाले, "वर रंग, खाली पुठ्ठा, मधी डिंक. पोरगा बरा दिसतोय, पर फसतोय." माझं लग्न मोडलं असं मी धरून चाललो होतो. पण आतल्या खोलीतून अक्कानं शांतपणे निर्णय दिला म्हणे, "फसणारा जावई बरा. सासरवाडीला सोयीचा." लग्न झालं, आणि गेली कित्येक वर्षं मी त्या सोयीचा आहे.

चामडं हा साडूंचा खरा विषय. जिवंतपणी ज्यात जनावर राहतं तेच ते, म्हणून त्यांना मेल्यावरही ते वाचता येई. चामडं म्हणजे जनावराचा केसपेपर, असं त्यांचं मत होतं. कुणाचं पाकीट, कुणाचा पट्टा, कुणाच्या वहाणा, जे नजरेला पडेल त्याची ते तपासणी करायचे, आणि निदान मालकाच्या तोंडावर सांगायचे. एका लग्नात पंगत बसली होती. शेजारच्या पाहुण्यांनी आहेर काढायला पाकीट बाहेर काढलं. साडूंनी जिलेबी खाली ठेवली.

"ह्या म्हशीला गोचीड हुते."

"कुठल्या म्हशीला?" पाहुणे दचकून म्हणाले.

"तुमच्या खिशातल्या. ह्ये बारीक ठिपके दिसत्यात न्हवं? अंगभर गोचीड हुते बिचारीला. कुणी औषध मारलं न्हाई. आनि तुमी त्यात नोटा ठेवतायसा!"

त्या पाहुण्यांनी म्हैस पाहिली नव्हती, पाळली नव्हती, पाकीट त्यांना मेव्हण्यानं दिवाळीला दिलं होतं. पण पुढचा अर्धा तास त्यांनी त्या अनोळखी म्हशीच्या वतीनं बोलणी खाल्ली, आणि मठ्ठा न पिता उठले. दुसऱ्या एका गृहस्थांच्या पट्ट्यावर साडूंना जुन्या डागाची खूण दिसली. आजारी जनावराला तापलेल्या लोखंडानं डाग द्यायची गावठी पद्धत असते, तिचा त्यांना मनस्वी संताप. ते गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. साडूंनी त्यांना विचारलं, "तुमास्नी कावीळ झाली तर असाच डाग देऊ काय?"

एवढा जाणकार माणूस, पण त्यांची स्वतःची बॅग बघवत नसे. नोकरीला लागताना घेतलेली ती चामड्याची काळी बॅग तीस वर्षं शेणात, चिखलात, उसाच्या सरीत आणि फटफटीच्या मागच्या कॅरियरवर वाढली होती. निवृत्तीच्या वर्षी तिचा पट्टा चौथ्यांदा तुटला, तळ गेला आणि साडूंनी तिला निवृत्त केलं. निरोपाच्या समारंभात साहेबांनी शाल दिली, ती त्यांनी त्या बॅगेला गुंडाळून माळ्यावर ठेवली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे नवं शतक लागून थोडं जुनं झालं तेव्हा, त्यांची मुलगी वैशाली गुरांची डॉक्टर झाली. ही गोष्ट साडूंनीच घडवून आणलेली. लहानपणापासून ते तिला गोठ्यांत घेऊन हिंडायचे, इतर मुली भातुकली खेळत तेव्हा ती वासराचं तापमान बघत असे. नेमणूक शिरोळ तालुक्यातल्या एका दवाखान्यात झाली. नातेवाइकांनी अभिनंदन करायच्या निमित्तानं येऊन काळजी व्यक्त करायला सुरुवात केली. "पोरीच्या जातीनं म्हशीत हात घालायचा व्हय?" असं एका चुलत भावानं विचारलं. साडू त्याला म्हणाले, "तू माणसाच्या जातीचा असून काय केलंस रं आजवर?" तो भाऊ पुढं दोन वर्षं आला नाही.

पण माझ्याकडं छापखान्यात येऊन त्यांनी खरं सांगितलं. यंत्राच्या खडखडाटात बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून बहुधा.

"साडूभाऊ, गावात नवा डॉक्टर आला की लोक आधी बॅग बघत्यात. बॅग दमदार असली की म्हैस दावत्यात. न्हाईतर म्हणत्यात, राहू दे, उद्या बघू. आनि उद्यापतोर म्हैस मरती. आपली तर पोरगी. तिच्या हातात बॅग अशी पाहिजे, की बघणाऱ्याचं त्वांड बंद झालं पाहिजे."

म्हणजे बॅग घ्यायची ठरली, आणि ती घ्यायला बरोबर मी. फसणारा माणूस सोबत असला की दुकानदार गाफील राहतो, असं त्यांचं गणित असावं.

राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानात मालकांनी हसून विचारलं, "कुणासाठी पाहिजे, साहेब?" साडू म्हणाले, "मुलीसाठी." मालकांनी लगेच एक गुलाबी, खांद्याला अडकवायची, कडेला सोनेरी फूल असलेली चीज पुढं ठेवली. साडूंनी ते फूल बोटानं ओढलं. ते हातात आलं.

"ह्ये काय हाय?"

"साहेब, लेडीजमध्ये असंच असतं. नाजूक."

"माझी पोरगी आडलेलं रेडकू वडून काढती! तिला ही नाजूक बॅग? पुरुषांची दावा!"

पुरुषांच्या बॅगा आल्या. मग साडूंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सरकवली, बॅगेचं तोंड डाव्या हातानं फाकवलं, डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. म्हैस गाभण आहे की नाही हे गुरांचे डॉक्टर असंच बघतात, डोळ्यांना काही दिसत नसतं, सगळं बोटांना विचारायचं असतं. दुकानातल्या दोन बायका बाहेर निघून गेल्या. साडूंची बोटं आत कुठं तरी अस्तरामागं फिरत होती, चेहरा ध्यानस्थ होता. मग एकदम डोळे उघडून ते कडाडले, "आत शिवणच न्हाई! नुसतं चिकटवलंय! एका पावसात आतडी भाईर येतील हिची!"

दुसऱ्या दुकानात बॅग खऱ्या चामड्याची निघाली, हे फारच वाईट झालं. कारण त्यात साडूंना मानेजवळ जू घासून सुजलेल्या खांद्याची खूण सापडली. "कुणाचा रेडा ह्यो?" त्यांनी दरडावून विचारलं. दुकानदार म्हणाला, "पावणं, माल मद्रासवरनं येतो." साडू म्हणाले, "मग मद्रासला फोन लावा." त्यानं खरोखर फोनच्या दिशेनं हात नेला होता. मी मध्ये पडलो म्हणून मद्रास वाचलं. तिसऱ्या दुकानात चेन अडकली. चौथ्यात पोटाकडचं चामडं वापरलेलं. पोटाचं चामडं ओझ्यानं ताणतं आणि बॅग लोंबायला लागते, हे साडूंनी दुकानदाराच्या पोटाकडं बोट करून समजावलं. पाचव्या दुकानात आम्ही पोचण्याआधी बातमी पोचली होती. मालक जेवायला गेले आहेत, असं मालकांनीच आम्हाला सांगितलं.

एव्हाना मीही संतापलो होतो. पत्रिकांचा हंगाम, छापखान्यात कामगार खोळंबलेले, आणि मी एका माणसामागं बॅगांच्या पोटात काय आहे ते बघत हिंडतोय. मी म्हटलं, "डॉक्टर, एवढं कुणी जावई निवडताना बघत नाही." ते म्हणाले, "म्हणून तर तुमी खपला."

शेवटी सुभाषनगरातला एक म्हातारा कारागीर सापडला. त्याला सगळे बापू म्हणत. उमेदीत त्यानं मोटा शिवल्या होत्या. मोट म्हणजे विहिरीतलं पाणी बैलांनी वर ओढायची चामड्याची अवाढव्य पिशवी. तिचा एक टाका ढिला पडला तर पाणी मळ्यात न जाता परत विहिरीत. इंजिनं आली, मोटा गेल्या, बापू पायताणं शिवायला लागला. पण हात मोटेचाच राहिला होता. आणि तोंड साडूंचंच. त्या दोघांची पहिली भेट मी दारात उभा राहून पाहिली. आत जायची माझी छाती नव्हती.

"चामडं मी निवडणार," साडू म्हणाले.

"निवडा की. शिवणार मी. शिवताना बोलायचं न्हाई."

"टाका बारीक पाहिजे."

बापूनं चष्मा कपाळावर चढवला. "डाक्टर, मी तुमच्या म्हशीजवळ हुबा ऱ्हाऊन, हात अजून आत घाला, असं म्हनतो काय?"

साडू हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच हसताना पाहत होतो. ते दृश्य जरा भीतिदायकच होतं.

चामडं निवडायला दोन दिवस गेले. मानेचं नको, तिथं सुरकुत्या असतात. पोटाचं नको. पाठीचं पाहिजे. पाच कातडी साडूंनी बाजूला टाकली, प्रत्येक कातड्याच्या मालकाला नावानिशी ओळखत असल्यासारख्या शिव्या देत. सहाव्यावर त्यांनी हात ठेवला आणि थांबले. पालथा पंजा फिरवला, मग सुलटा. ठिपका नाही, डाग नाही, जनावर हाकायच्या पराणीची टोच नाही.

"ही म्हैस सुखात हुती," ते हळू आवाजात म्हणाले. "हिला कुणीतरी रोज घासून धुतलंय."

बापू मान हलवत म्हणाला, "हां. आता कळलं तुमी कशाचे डाक्टर हायसा ते."

महिनाभर ती बॅग बनत होती. मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून आमनेसामने जाणार, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहणार. कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत केलेल्या. चेन नाही, पितळी बक्कल. पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरून वर आलेला, म्हणजे ओझं शिवणीवर न येता पट्ट्यावर यावं. आत इंजेक्शनच्या नळ्यांना वेगळा कप्पा, दोरखंडाला वेगळा, म्हशीचं पोट फुगलं की टोचायच्या जाड सुईला चामड्याचं म्यान, आणि कोपऱ्यात थर्मामीटरला कापसाचं अस्तर. मला बॅगेतलं काही कळत नाही हे जगजाहीर आहे. पण ती हातात घेतली तेव्हा तिच्या वजनात एक भरवसा होता. चांगली वस्तू काय असते ते मला त्या दिवशी कळलं. ज्या दिवशी बॅग घरी आली त्या दिवशी साडू कुणावरही ओरडले नाहीत. संध्याकाळी अक्कानं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

वैशाली सोमवारी हजर होणार होती, म्हणून रविवारी दुपारी जेवण ठेवलं. आम्ही दोघं नवरा-बायको, अक्का, साडू आणि वैशाली. तांबडा-पांढरा रस्सा झाला. साडूंनी बॅग कोऱ्या टॉवेलात गुंडाळून आणली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं टॉवेल काढला. पंजा पालथा फिरवला, मग सुलटा, हुबेहूब बापासारखा. वास घेतला, बक्कल उघडलं, थर्मामीटरचा कप्पा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. साडू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मग तिनं बक्कल परत लावलं.

"पप्पा, ही धुवायची कशी?"

"धुवायची? चामडं कोण धुतं व्हय? पुसायची."

"लाळ-खुरकताची साथ असलेल्या गोठ्यातनं बाहेर आल्यावर? नुसती पुसायची?"

ती आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पांढरी बादली घेऊन आली. रंगाची रिकामी, घट्ट झाकणाची. बाहेरून खरवडून साफ केलेली, तरी एका अंगाला हिरवा ओघळ राहिलाच होता. आत तिची सगळी हत्यारं नीट लावलेली.

"मी ही नेणार आहे. गोठ्यातनं निघताना सोड्याच्या पाण्यात बुडवायची, की झालं. ही बॅग तशी बुडवली तर चार दिवसांत पापड होईल तिचा."

आणि मग साडूंचा राग उठला. तसा राग मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पंगतीतला, दुकानातला राग हा त्याच्यापुढं गाणं-बजावणं होता. रंगाऱ्याची बादली घेऊन जाणार? गावात जाऊन भिंती रंगवणार? म्हशी दावतील तुला लोक? ह्या बॅगेसाठी मी अख्ख्या कोल्हापूरशी भांडलो! तीस वर्षं मी चामड्याची बॅग वापरली, तीस वर्षं! काय बिघडलं? ताटं थरथरत होती. माझी बायको माझा हात घट्ट धरून बसली होती. वैशालीही बापाचीच मुलगी. तिचा आवाज चढला.

"काय बिघडलं ते माहीत आहे का तुम्हाला? तुम्हीच सांगता ना ती साथीची गोष्ट? सकाळी वरच्या वस्तीवर आजारी जनावरं बघितलीत, दुपारी खालच्या वस्तीवर गेलात. चौथ्या दिवशी खालच्या वस्तीतली जनावरं लाळ गाळायला लागली. तुम्ही त्या लोकांना उभं-आडवं झोडलंत, जनावरं बाजारात नेली म्हणून. ते म्हणत होते, नाही नेली. शपथा घेत होते. गोठ्यात गेल्यावर तुम्ही बॅग कुठं ठेवायचा, पप्पा?"

उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ती गोष्ट मी दहा वेळा ऐकली होती, आणि दर वेळी ती एकाच वाक्यानं सुरू व्हायची. 'बॅग गव्हाणीवर ठेवली आनि जनावराचं त्वांड उघडलं.' गव्हाणीवर. ज्यातून जनावर खातं, तिथं.

वैशालीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. अक्का उगीच पाणी वाढत होती, भरलेल्या भांड्यात. बऱ्याच वेळानं साडू उठले. बादलीपाशी गेले. झाकण काढलं, बसवलं, कडेनं अंगठा फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"हितनं सैल हाय," ते म्हणाले. "फटफटीवरनं उडंल. रबर लाव."

मग अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वैशाली बादली घेऊन गेली. पहिल्याच गोठ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "डाक्टर कुठं हायत?" ती म्हणाली, "मीच." "आनि बॅग?" "ही." "ही तर रंगाची बादली!" ती म्हणाली, "म्हैस रंगवायला आलेय, आजोबा. शेपूट धरा." म्हाताऱ्यानं शेपूट धरलं. चार महिन्यांत त्या भागात बादलीवाल्या बाई म्हणून तिचं नाव झालं, आणि पुराच्या दिवसांत वर आणलेल्या जनावरांची छावणी पडली तेव्हा तिथली माणसं दुसऱ्या कुणा डॉक्टरला म्हशीला हात लावू देईनात. हे सगळं ती मला फोनवर सांगायची आणि शेवटी विचारायची, "काका, पप्पा बरे आहेत ना? मी ते बोलायला नको होतं." मी विचारलं, "पण ते खरं होतं का?" ती म्हणाली, "असेलच असं नाही. बाजारातनंही आलेलं असू शकतं. आता कुणाला सांगता येणार?"

सांगता येणार नाही, हेच साडूंना लागलं असावं. एक दिवस कुणाला न सांगता ते यष्टीनं त्या खालच्या वस्तीवर जाऊन आले. कुणाला भेटले, काय बोलले, कुणी ओळखलं की नाही, काही कळलं नाही. अक्कानं विचारलं तेव्हा म्हणाले, "म्हशी बऱ्या हायत." एवढंच. बापूनं शिवलेली बॅग त्यांच्या खोलीत खुंटीला आहे. महिन्याकाठी ते तिला तेल लावतात. मला देऊ केली होती, पत्रिकांच्या नमुन्यांसाठी. मी नको म्हटलं. इतक्या चांगल्या बॅगेत माझ्या पत्रिका खोट्या वाटल्या असत्या.

त्या रविवारनंतर त्यांचा राग गेला. हळूहळू नाही, एकदमच. शेजाऱ्याच्या पाकिटाकडं बघून गप्प बसतात. लग्नात जिलेबी पूर्ण खातात. घरात सगळ्यांना बरं वाटतं, निदान तसं सगळे म्हणतात. मला मात्र चैन पडेना. म्हणून मध्यंतरी मी मुद्दाम त्यांना घेऊन राजारामपुरीत गेलो, नमुन्यांसाठी बॅग घ्यायच्या निमित्तानं. मालकांनी आम्हाला ओळखलं आणि न मागता पाण्याचे दोन ग्लास पुढं ठेवले. मी दुकानातली सगळ्यात भिकार बॅग निवडली आणि साडूंच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं एकदा दाबली.

"चांगली हाय की. घ्या."

मालक माझ्याकडं बघायला लागले. "साहेबांची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

बॅग घ्यावीच लागली. दोन महिन्यांत तिचा पट्टा उखडला. मी ती तशीच, पट्टा लोंबत ठेवून, भर दुपारी साडूंच्या घरी घेऊन गेलो आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. त्यांनी चष्मा लावला, डबीतून दोन सुया काढल्या, दोऱ्याला मेण चोळलं आणि शिवायला बसले. मी वाट बघत होतो. दुकानदाराला एखादी, बॅग बनवणाऱ्याला एखादी, फार तर मला एखादी. अक्कानं चहा आणला. मी तो हळूहळू प्यालो, आणखी अर्धा कप मागून घेतला. पट्टा पक्का बसला. शिवी काही आली नाही.